स्त्रीपुरुषतुलना आणि लिंगभावाची मीमांसा

ताराबाई शिंदे (सु. १८५०–सु. १९१०) यांचा १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेला मराठी निबंध व त्यातील विचारांचे समाजशास्त्रीय विवेचन. वऱ्हाडातील बुलढाणा येथे राहणाऱ्या एका मराठा स्त्रीने लिहिलेला हा छोटेखानी ग्रंथ पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. त्याच्या ५०० प्रती काढण्यात आल्या आणि किंमत नऊ आणे ठेवण्यात आली. स्त्री आणि पुरुष यांची नीती एकाच मापाने का मोजली जात नाही, हा निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न होय. लिंगभाव, लैंगिक नीती आणि वैवाहिक संबंध यांचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहरला. तथापि त्यातील काही मूलभूत प्रश्न मराठीत त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे या निबंधात विचारले गेले होते. या कारणाने मराठी सामाजिक विचारांच्या इतिहासात त्यास विशेष स्थान आहे.

स्थळ व काळ : १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. एकोणिसाव्या शतकात बुलढाणा हे जिल्ह्याचे मुख्य ठाणे चिखली तालुक्यात मोडत असे. तालुक्याची कचेरी मात्र चिखली येथे होती. पुढे ते दोन स्वतंत्र तालुके झाले. हा सर्व टापू वऱ्हाडच्या सखल पयानघाटाच्या दक्षिणेस, घाटमाथ्यावर म्हणजे बालाघाटात येतो. पुणे-मुंबईच्या मानाने हा मुलूख आडवळणाचा होता. १९०१ च्या जनगणनेतही बुलढाणा गावाची लोकसंख्या अवघी ४,१३७ होती. अशा गावातून पुण्याच्या वृत्तपत्रातील मजकुरास उत्तर निघावे आणि ते एका स्त्रीने लिहावे, ही त्या काळी असाधारण घटना होती.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. मुलींची शाळा ही दुर्मिळ गोष्ट असताना त्यांनी आपल्या मुलीस घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. ताराबाईंचा विवाह लहान वयात झाला. पती घरजावई म्हणून शिंदे कुटुंबातच राहिले. त्यामुळे सासुरवासाचे नेहमीचे दडपण त्यांच्या वाट्यास काहीसे कमी आले असावे. तरीही निबंधाच्या आरंभी त्यांनी आपण मराठा घराण्याच्या रीतिरिवाजांत बंदिस्त असल्याचे सांगितले आहे. घराबाहेर पडण्याची मुभा नसलेली, पण ग्रंथ व वृत्तपत्रे वाचणारी स्त्री ही या लेखनामागील वस्तुस्थिती होय.

निबंधाचे निमित्त : १८८१ मध्ये सुरत येथील सत्र न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली. अपिलात ती काळ्या पाण्याच्या शिक्षेत बदलली आणि पुढे आणखी कमी होऊन पाच वर्षांवर आली. या खटल्यावरून मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रांत मोठा वाद माजला. सुधारकांनी विधवांवर लादलेल्या सक्तीच्या वैधव्याकडे बोट दाखविले. उलट पुणेवैभव या सनातनी वळणाच्या पत्राने एकूण स्त्रीजातीच्या नव्या स्वैराचारावर कोरडे ओढले. एका स्त्रीच्या अपराधावरून सर्व स्त्रियांच्या स्वभावाचा निवाडा करण्याची ही रीत ताराबाईंना असह्य झाली व त्यांनी हा निबंध लिहिला.

अशा घटना त्या काळी तुरळक नव्हत्या. गरोदर विधवांना गुप्तपणे प्रसूत होता यावे व अर्भकहत्या टळावी, म्हणून फुले दांपत्याने १८६३ मध्येच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेच्या पुनर्विवाहास मान्यता मिळाली होती. परंतु पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा मृत पतीच्या संपत्तीवरील हक्क त्याच कायद्याने काढून घेतला. शिवाय उच्चवर्णीयांत असा विवाह करणाऱ्यांस बहिष्कार सोसावा लागे. परिणामतः कायदा झाला, तरी विधवेपुढील वाट मोकळी झाली नाही.

निबंधातील प्रतिपादन : ग्रंथाच्या पूर्ण नावात स्त्रिया व पुरुष यांत ‘साहसी’ कोण, असा प्रश्न घातलेला आहे. येथे साहस म्हणजे धाडस किंवा पराक्रम नव्हे. धर्मशास्त्रात बळजोरीने केलेल्या अपराधास साहस म्हणतात. जुन्या मराठीतही या शब्दाला अविचाराने केलेल्या दुष्कृत्याची छटा होती. भर्तृहरीच्या शृंगारशतकातील एका प्रसिद्ध श्लोकात स्त्रीला संशयांचा भोवरा, अविनयाचे घर व साहसांचे नगर ठरविले आहे. अशा वचनांतून स्त्रियांच्या माथी मारलेले दोष ताराबाईंनी एकेक करून पुढे घेतले आणि प्रत्येक दोष पुरुषांत किती आढळतो, याचा हिशेब मांडला. कपट, अविचार, लोभ व विश्वासघात यांची उदाहरणे त्यांनी कचेऱ्या, बाजार, तुरुंग आणि घरे यांतील नित्य व्यवहारांतून दिली. या पद्धतीमुळे निबंधास तुलनेचे स्वरूप आले आहे.

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा वैधव्याच्या प्रश्नात आहे. पत्नी मरण पावल्यावर काही दिवसांतच पुरुष दुसरा विवाह करतो व त्यात कोणास अधर्म दिसत नाही. पती मरण पावल्यावर मात्र स्त्रीचे केस, कुंकू, अलंकार आणि सणासमारंभातील स्थान ही सर्व एकाच वेळी जातात. मरण दोघांनाही सारखेच येत असता त्याची शिक्षा एकीलाच का, असा त्यांचा प्रश्न आहे. ज्या पुरुषाने विधवेस फशी पाडले तो उजळ माथ्याने वावरतो आणि तिला मात्र लोकनिंदेच्या भयाने अर्भकहत्येपर्यंत जावे लागते, हे त्यांनी परखडपणे दाखविले. गुन्ह्याचे मूळ स्त्रीच्या स्वभावात शोधण्याऐवजी तिच्यापुढे कोणते मार्ग खुले ठेवले आहेत, हे पाहावे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

पुराणकथांचाही त्यांनी निर्भयपणे विचार केला. देवादिकांच्या व ऋषींच्या परस्त्रीगमनाच्या कथा भक्तिभावाने ऐकणारा समाज सामान्य स्त्रीकडून मात्र पतिव्रतेच्या कडक नियमांची अपेक्षा करतो, ही विसंगती त्यांनी उघड केली. शास्त्रे रचणारे पुरुषच असल्याने ती पुरुषांच्या सोयीची झाली, असे त्यांचे म्हणणे आहे. तत्कालीन नाटके व कथाग्रंथ यांतील स्त्रीचित्रणावरही त्यांनी टीका केली. सुधारकांनाही त्यांनी सोडले नाही. स्वतः विलायती पोशाख, खाणेपिणे व चालीरीती उचलणारे पुरुष धर्मरक्षणाचा भार मात्र घरातील स्त्रियांवर टाकतात. सभांतून भाषणे होतात, पण घरात काही बदलत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. निबंधाची भाषा बोलीच्या वळणाची, म्हणी, उपरोध व थेट प्रश्न यांनी भरलेली आहे.

जात, प्रतिष्ठा व वैधव्य : सक्तीचे वैधव्य ही सर्व हिंदू समाजाची रूढी नव्हती. वऱ्हाडातील कुणबी व इतर अनेक शेतकरी आणि कारागीर जातींत विधवेचा दुसरा विवाह पाट किंवा म्होतूर या नावाने रूढ होता. प्रथम विवाहापेक्षा त्याचा विधी साधा व मान कमी असे. तथापि त्यापासून झालेली संतती औरस मानली जाई. मराठा समाजातील कुलीन म्हणविणाऱ्या घराण्यांत मात्र पाट निषिद्ध होता. पुनर्विवाहास बंदी आणि स्त्रियांचा गोषा ही कुलीनतेची लक्षणे समजली जात. शेती किंवा अधिकार यांच्या बळावर वर आलेले कुटुंब आपली प्रतिष्ठा सिद्ध करण्यासाठी प्रथम घरातील स्त्रियांचा वावर आखडीत असे.

एम्. एन्. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या संस्कृतीकरणाच्या संकल्पनेने या प्रक्रियेचे स्पष्टीकरण करता येते. वरच्या जातींच्या आचारांचे अनुकरण करून खालची जात आपला दर्जा वाढवू पाहते. या अनुकरणाची किंमत बहुधा स्त्रियांनी चुकविलेली असते. ताराबाईंनी वैधव्याचा प्रश्न केवळ ब्राह्मणांचा न मानता सर्व जातींतील स्त्रियांचा मानला, यामागे ही पार्श्वभूमी आहे. ब्राह्मण विधवेच्या खटल्यावर मराठा स्त्रीने लेखणी उचलली, याचाही अर्थ त्यावरून स्पष्ट होतो.

जात आणि स्त्रियांवरील निर्बंध यांचा संबंध पुढे भीमराव रामजी आंबेडकर यांनी सूत्ररूपाने मांडला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी वाचलेल्या भारतातील जातींविषयीच्या प्रबंधात त्यांनी अंतर्विवाह हे जातिसंस्थेचे मर्म असल्याचे प्रतिपादन केले. गटातच विवाह करावयाचा, तर विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समतोल राहिली पाहिजे. पती वारल्यास स्त्री गटात ‘अधिक’ ठरते. ती गटाबाहेर विवाह करील किंवा गटातील दुसरीचा वर हिरावील, ही भीती सती किंवा सक्तीचे वैधव्य यांनी टाळली जाते. विधुर पुरुषास मात्र वैराग्य न लादता कमी वयाची मुलगी दिली जाते. त्यातून बालविवाह निपजतो. ताराबाईंनी अन्याय म्हणून दाखविलेली गोष्ट येथे एका सामाजिक यंत्रणेच्या रूपात उलगडते. उमा चक्रवर्ती यांनी १९९३ मध्ये मांडलेली ब्राह्मणी पितृसत्तेची संकल्पना आणि शर्मिला रेगे यांचे दलित स्त्रीवादी भूमिकेविषयीचे लेखन यांत या सूत्राचा पुढील विकास आढळतो.

समाजशास्त्रीय दृष्टिकोन : स्त्री-पुरुष संबंधांविषयी समाजशास्त्रात मुख्यतः तीन प्रकारचे विवेचन आढळते. पहिले कार्यवादी होय. टॅल्कट पार्सन्झ यांनी १९५५ च्या सुमारास कुटुंबातील भूमिकांची विभागणी करून अर्थार्जन व बाह्य व्यवहार पुरुषाकडे आणि भावनिक जोपासना स्त्रीकडे, अशी रचना कुटुंबाच्या स्थैर्यास उपकारक मानली. दुसरे विवेचन संघर्षवादी आहे. फ्रीड्रिख एंगेल्स यांनी १८८४ मध्ये, म्हणजे स्त्रीपुरुषतुलनेनंतर दोनच वर्षांनी, एकपत्नीकत्वाचा उगम खाजगी मालमत्ता व वारसाहक्क यांत दाखविला. वारस आपलाच असल्याची खात्री पुरुषास हवी असते. म्हणून एकनिष्ठेचे बंधन प्रत्यक्षात स्त्रीवरच पडते, असे त्यांचे मत होते. तिसरे विवेचन रचनावादी होय. सीमॉन द बोव्हार यांच्या १९४९ च्या ग्रंथाने आणि अ‍ॅन ओक्ली यांच्या १९७२ च्या विवेचनाने जैविक लिंग व समाजाने घडविलेला लिंगभाव यांतील भेद प्रस्थापित केला. मीशेल फूको यांनी १९७६ पासून लैंगिकतेविषयीचे ज्ञान व सत्ता यांचे नाते उलगडून दाखविले, तर अँथनी गिडन्झ यांनी १९९२ मध्ये आधुनिक समाजातील जवळिकीच्या संबंधांचा पाया उभयतांची संमती व समाधान यांवर सरकत असल्याचे मत मांडले.

या दृष्टिकोनांतून पाहता ताराबाईंच्या निबंधात तिसऱ्या प्रकारच्या विचाराची बीजे दिसतात. दोष जन्मजात नसून ते नाव देणाऱ्याच्या अधिकारातून निर्माण होतात, हा त्यांचा मुद्दा लिंगभावाच्या संकल्पनेशी जुळतो. लेखणी, शास्त्र आणि न्यायासन ज्याच्या हाती त्याचीच मोजपट्टी नैसर्गिक ठरते, हे त्यांनी कोणत्याही परिभाषेविना सांगितले. विवाहबाह्य संबंधांच्या चर्चेत पुरुषाच्या जबाबदारीस त्यांनी मध्यवर्ती स्थान दिले, हेही महत्त्वाचे होय.

मर्यादा : ताराबाईंनी विवाहसंस्था नाकारली नाही. पातिव्रत्याच्या आदर्शाचाही त्यांनी सर्वस्वी त्याग केला नाही. पती जर पतीसारखा वागत असेल, तर पत्नीनेही धर्म पाळावा, परंतु हा नियम दोघांस सारखा असावा, अशी त्यांची भूमिका आहे. स्त्रियांचा मालमत्तेतील हक्क किंवा अर्थार्जन यांची तपशीलवार योजना निबंधात नाही. वेश्याव्यवसायातील स्त्रियांविषयी त्यांच्या लेखनात सहानुभूतीबरोबर तत्कालीन नैतिक तिटकाराही आढळतो. या मर्यादा त्या काळाच्या आहेत. त्यांमुळे मुख्य प्रश्नाची धार कमी होत नाही.

प्रतिसाद व विस्मृती : प्रसिद्धीनंतर निबंधाची बरीच हेटाळणी झाली. टीकाकारांत सत्यशोधक वर्तुळातील काहीजणही होते. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये काढलेल्या सत्सार या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंचा पक्ष घेतला व त्यांचा उल्लेख ‘चिरंजीव’ असा वात्सल्याने केला. फुले यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकातही बहुपत्नीकत्वाचा विचार याच तुलनात्मक पद्धतीने केलेला आहे. ताराबाईंचे मात्र यानंतर कोणतेही लेखन प्रसिद्ध झालेले नाही. १८८२ मध्येच पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाईंच्या पाठीशी संस्था, सहकारी व पुढे परदेशातील साहाय्य उभे राहिले. बुलढाण्यातील लेखिकेस असा कोणताच आधार लाभला नाही. ग्रंथ सुमारे नव्वद वर्षे विस्मृतीत राहिला.

स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, तो संपादून पुन्हा प्रकाशात आणला. विलास खोले यांनी संपादित केलेली आवृत्ती १९९७ मध्ये निघाली. मायाताई पंडित यांनी केलेला अंशतः इंग्रजी अनुवाद १९९१ मध्ये स्त्रीलेखनाच्या भारतीय संकलनात समाविष्ट झाला आणि रोझालिंड ओहॅन्लन यांचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे हा निबंध जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचला.

कायद्यातील दुहेरी माप : ताराबाईंनी विचारलेला प्रश्न कायद्याच्या इतिहासात वारंवार उपस्थित झाला. बालवयात विवाह झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा दादाजी भिकाजी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. परंतु अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायालयाने नांदावयास जावे अथवा सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पतकरण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्ये पैशांच्या तडजोडीने हे प्रकरण मिटले. या वादातून १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर गेले.

विसाव्या शतकात र. धों. कर्वे यांनी समाजस्वास्थ्य (१९२७–५३) या मासिकातून संततिनियमन व लैंगिक शिक्षण यांचा प्रचार करताना स्त्रीच्या कामसुखाचा हक्क उघडपणे मांडला. त्याबद्दल त्यांच्यावर खटलेही झाले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हिंदू पुरुषाचे बहुपत्नीकत्व सर्व देशभर बेकायदा ठरविले व स्त्री-पुरुष दोघांनाही घटस्फोटाचा मार्ग दिला. तथापि १८६० च्या भारतीय दंड संहितेतील व्यभिचारविषयक कलम ४९७ कायम राहिले. या कलमान्वये विवाहित स्त्रीशी तिच्या पतीच्या संमतीविना संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार ठरे आणि तक्रारीचा हक्क मुख्यतः त्या पतीस असे. पतीच्या व्यभिचाराबद्दल पत्नीस मात्र या कलमाखाली दाद मागता येत नसे. म्हणजे स्त्री येथे व्यक्ती म्हणून न येता पतीच्या ताब्यातील वस्तू म्हणून येते. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरविले. त्याच महिन्यात, ६ सप्टेंबर रोजी, प्रौढांमधील संमतीने घडणाऱ्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून वगळण्यात आले. तृतीयपंथी व्यक्तींच्या लिंगओळखीस त्यापूर्वी १५ एप्रिल २०१४ च्या निर्णयाने मान्यता मिळाली होती. समलिंगी विवाहास मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली नाही.

मूल्यमापन : कायद्यातील माप बदलले, तरी समाजातील माप त्याच गतीने बदलत नाही, याची साक्ष बुलढाणा जिल्ह्याच्याच जनगणनेत मिळते. सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण २००१ मध्ये ९०८ होते. ते २०११ मध्ये ८५५ पर्यंत घसरले. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला व केंद्रीय कायदा १९९४ मध्ये झाला, त्यानंतरची ही घसरण आहे. या प्रमाणामागे हुंडा, जमिनीचा वारसा, म्हातारपणी मुलाचाच आधार मिळतो हा समज आणि लहान कुटुंबाची ओढ, अशी अनेक कारणे संभवतात. या सर्वांच्या मुळाशी मुलगा व मुलगी यांच्या मोलाची विषम मोजणी आहे. १८८१ च्या खटल्यात लोकलज्जेच्या भयाने एका विधवेच्या हातून अर्भकाचा जीव गेला. एकविसाव्या शतकात प्रतिष्ठा व सोय यांच्या नावाखाली सुखवस्तू कुटुंबांनीही मुलींचा जन्म नाकारला. साधने बदलली, मोजपट्टी बरीचशी तीच राहिली.

स्त्रीपुरुषतुलनेचे महत्त्व केवळ ती मराठी स्त्रीवादी लेखनाच्या प्रारंभीची कृती आहे, एवढ्यापुरते नाही. स्त्रीच्या स्वभावाविषयीची चर्चा तिने पुरुषांच्या वर्तनाकडे व समाजाच्या रचनेकडे वळविली. लिंगभावाच्या अभ्यासास आवश्यक असलेले हे वळण चिखली तालुक्यातील एका लहान गावी, विद्यापीठ किंवा संस्था यांच्या आधाराविना घडून आले. ज्याचा न्याय करावयाचा त्यालाच न्यायाधीश करू नये, ही या निबंधाची मूळ मागणी होती. स्त्री-पुरुष संबंधांच्या पुढील अभ्यासाची ती पूर्वअटच ठरली.